अर्ध्या भावाचा गहू

“बाई, उठायच्या आधी खरं सांग. हे ओझं डोक्यावर घेऊन घरी परत नेणार, का मला देऊन मोकळी होणार?”

द्वारकाअक्काचा हा आवाज बत्तीस वर्षं झाली तरी माझ्या कानातून गेलेला नाही. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आठवडी बाजाराला आम्ही दोघी दिवस कलल्यावर निघायचो. बाकीच्या बाया भरल्या पिशव्या घेऊन परत येताना वाटेत भेटायच्या आणि हसायच्या, “द्वारकाबाई, बाजार उठला की.” अक्का म्हणायची, “उठू दे. बसलेल्या बाजाराशी माझं जमत नाही.” मग गोणपाट झटकणाऱ्या एखाद्या माळणीपुढं ती अशी उकिडवी बसायची, की जणू तिच्याच घरची. ओझ्याचं नाव काढलं की माळणीचा हात आपोआप स्वतःची मान चाचपायचा. तिथंच सौदा पटायचा. अर्धा ढीग वांगी, वर मिरच्या, वर कोथिंबिरीची काडी, आणि माळणीच्या तोंडून एक शिवी. अक्का शिवीसुद्धा पिशवीत घालून आणल्यासारखी खुशीत घरी यायची.

जालन्याच्या बाहेर, कारखान्यांच्या मागं दोन खोल्या आणि पुढं मातीचं अंगण एवढा आमचा संसार. रंगनाथभाऊजी आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे मालक भानुदास, दोघंही लोखंडाच्या कारखान्यात. अक्काची एक मुलगी, निर्मी, सहा वर्षांची. सासू-सासरे नव्हते. घर अक्काच्या हातात होतं, आणि तो हात कसा चालायचा ते मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात पाहून घेतलं. तेलाची पिशवी रिकामी झाली की ती कात्रीनं उभी चिरायची आणि आत कणकेचा गोळा फिरवायचा. दोडक्याच्या शिरांची चटणी. भात तुकडा तांदळाचा. आंघोळीच्या साबणाच्या चकत्या जुन्या मोज्यात भरून त्यानं भांडी. एक काडी ओढली की स्टोव्ह, चूल आणि देवापुढची वात, तिन्ही पेटली पाहिजेत.

हे सगळं कशासाठी, तर कोठीसाठी. आमच्या घरात गहू किलो-किलोनं यायचा, किराण्याच्या पुडीतून, आणि पावसाळ्यात भाव चढला की यायचाच नाही. ज्या बाईच्या घरात वर्षाचं धान्य भरलेलं ती बाई, बाकीच्या नुसत्या खाणाऱ्या, असं अक्काचं मत. तीन वर्षं वाचवून वाचवून तिनं पत्र्याची नवी कोठी आणली होती. छातीइतकी उंच, खाली धान्य काढायला छोटी झडप. ती रिकामीच मधल्या खोलीत उभी होती. निर्मी तिच्यात तोंड घालून “ओ” करायची आणि कोठी दहापट मोठा “ओ” करायची. अक्काला ते आवडत नसे. “रिकाम्या भांड्याला बोलायला लावू नको गं.”

आणि माझं त्या घरात काय होतं? पाच भांडी. वडील गेल्यावर आईनं आणि कैलासदादानं माझं लग्न लावलं, त्यात देण्यासारखं तेवढंच होतं. रुखवतात मालकांच्या आत्याबाईंनी ती पाच भांडी एकदा उचलून पाहिली, एकदा ठेवून पाहिली, आणि म्हणाल्या, “भांडी पाच, पण वाजतात पन्नासाएवढी.” सगळा मांडव हसला. अक्का हसली का, ते मला दिसलं नाही. मी मान खाली घातली होती.

म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस राहिले असताना कैलासदादा मालाच्या रिक्षातून दोन पोती गहू घेऊन आमच्या दारात उतरला, तेव्हा मला वाटलं, आता मान वर करायला हरकत नाही.

दादा बियाण्यांच्या एका गोदामात हमाली करायचा. महिनाभरापूर्वी अक्कानंच त्याच्याकडं शब्द टाकला होता, कुठं स्वस्त गहू असंल तर सांग. तो गहू त्यानं बाजाराच्या अर्ध्या भावात आणला होता. अक्कानं पोत्याचं तोंड सोडलं, हात कोपरापर्यंत आत घातला, मूठ काढली. दाणे टपोरे, सारखे, एकाला एक लागून. ती दातानं तोडून बघायला निघाली, तसा दादा घाईनं म्हणाला, “अक्का, धुतल्याबिगर नको. गोदामातली धूळ हाय.”

अक्कानं दाणा परत ठेवला. “कैलासभाऊ, एवढा चांगला दाणा अर्ध्यात कसा दिला?”

“बियाणं उरतं अक्का. मुदत सरली की कंपनीला जागा खाली करायची असती. आम्ही चौघं-पाचजण मिळून उचलतो.”

“मग तुमच्या घरी पण हाच असंल.”

“आमच्याकडं ज्वारीच चालती,” दादा म्हणाला. “आईला गव्हानं पित्त होतं.”

मला आठवेना आईला गव्हानं पित्त कधी झालं होतं. आमच्या घरी गहू फक्त सणाला यायचा, आणि सणाला आई दोन पोळ्या जास्त खायची.

चहा पिऊन दादा निघाला तेव्हा मी त्याला हापशापर्यंत पोचवायला गेले. तिथं कुणी नव्हतं. तो हापशाच्या दांड्याशी चाळा करत म्हणाला, “कौसे, तीन पाण्यातनं काढ. चार काढलं तरी चालंल. पाणी जरा गुलाबी दिसंल, घाबरू नको.”

“गुलाबी का दिसंल?”

“रंग असतो. बियाण्याला औषध चोळत्यात ना, कीड लागू नये म्हणून, त्यात रंग असतो. धुतला की गेला.”

“दादा, औषध?”

“गेलं म्हणलं ना धुतल्यावर. लोक खात्यात. मेलं का कुणी?” मग त्यानं माझ्याकडं न बघता माझ्या डोक्यावर हात ठेवला. “अक्काला रंगाचं नको सांगू. उगीच शंका काढंल. तुझ्या घरात आपली पहिलीच वस्तू आली कौसे. मानानं राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिलं पोतं धुवायला काढलं. मी हापसा मारायची, अक्का घमेल्यात गहू चोळायची. चोळता चोळता ती गायची. तिचा गळा भरड होता, पण ओवी तिच्याकडं विहिरीला झरा असावा तशी होती, उपसावी तेवढी येई.

भरली माझी कोठी, तिला हळदीकुंकू वाहू
जावेच्या माहेराचा आला बाई टपोरा गहू

“लाव गं पुढचं,” ती म्हणाली. “तुझ्या माहेरी जात्यावर ओव्या गातात म्हणतीस ना? एक मी, एक तू.”

मला पुढचं सुचलं नाही. घमेल्यातलं पाणी ओतलं तेव्हा ते मोरीतून जास्वंदीच्या उकळीसारखं वाहत गेलं. अक्का गायची थांबली. दुसरं पाणी घातलं, चोळलं, ओतलं. तेही गुलाबी. तिसऱ्या पाण्यात रंग फिका झाला, पण होता. अक्का घमेलं तिरकं धरून त्या पाण्याकडं बघत राहिली. दूध नासलं की काय हे बघताना बाई जशी बघते, तशी.

“कौसल्या, दादा काय म्हणाला गं?”

“गोदामातली धूळ हाय म्हणाला. तांबडी माती.”

“तांबडी माती.” तिनं बोटं पाण्यात बुडवून बाहेर काढली, अंगठ्यानं चोळली. बोटांच्या पेरांत रंग बसला होता. मातीचा कण एकही नव्हता. तिनं बोटं लुगड्याला पुसली आणि चौथं पाणी मागितलं. त्यानंतर सकाळभर ती गायली नाही.

जुनी लुगडी पसरून आम्ही अंगणभर गहू वाळत घातला. वैशाखाचं ऊन, वारा पडलेला. धुतलेला गहू पिवळाधमक दिसत होता आणि मी मनात म्हणत होते, गेला, रंग गेला.

दुपारी अक्का भाजीची पिशवी घेऊन निघाली. जाता जाता तिनं वाळवणातला मूठभर गहू उचलला आणि कुंपणाजवळच्या चपट्या दगडावर टाकला. मी चकित झाले. पाखरू अंगणात उतरलं की काठी घेऊन धावणारी ही बाई. एक दाणा कोनाड्यात सांडला तर नखानं काढून घेणारी.

“अक्का, चिमण्या येतील ना.”

“येऊ दे. वर्षाचं धान्य भरताना पाखराला मूठ टाकावी.” मग निर्मीचं बोट धरून ती मला म्हणाली, “तू वाळवणाजवळ बस. दुसरीकडं नको येऊ देऊ त्यांना. दगडावरचं तेवढं त्यांचं.”

मला वाटलं, कोठी भरणार म्हणून बाई सैल झाली. मला बरं वाटलं. माझ्या माहेराच्या गव्हानं अक्काची मूठ उघडली.

मी भिंतीच्या सावलीत बसले. चिमण्या आल्या. आधी एक, मग तिची हाक ऐकून बाकीच्या. दगडावर त्यांची भांडणं सुरू झाली, चिवचिवाट, पंखांची फडफड. त्या आवाजात मला डुलकी लागली. जाग आली ती आवाजानं नाही, आवाज नव्हता म्हणून.

दगडाच्या भोवती त्या पडल्या होत्या. एक पालथी, एक पंख पसरून, दोन एकमेकींना टेकून. एक अजून जिवंत होती. चोच उघडायची, मिटायची, उघडायची. तिच्यातून काही ऐकू येत नव्हतं. मी तिला ओंजळीत घेतलं. ऊन लागलेल्या पाखराला पाणी पाजतात म्हणून मी लुगड्याचा पदर भिजवून तिच्या चोचीशी धरला. तिची मान माझ्या अंगठ्यावर कलंडली आणि तशीच राहिली.

मी मोजल्या. सात होत्या.

त्या क्षणी काय करायचं ते मला ठाऊक होतं. आज मला कुणी सांगू लागलं की मी पोर होते, एकोणीस वर्षांची, तर मी त्यांना थांबवते. मला ठाऊक होतं. अक्का येईपर्यंत त्या तशाच ठेवायच्या होत्या. पण त्या तशाच ठेवल्या असत्या तर संध्याकाळी त्या अंगणात सात चिमण्यांच्या शेजारी माझा दादा उभा राहिला असता, माझी आई उभी राहिली असती, आणि आत्याबाई. पाच भांडी आणि वर विष. अक्कानं काडीकाडीनं जमवलेले पैसे दोन पोत्यांत होते. ती पोती उकिरड्यावर ओतली असती, तर मी त्या घरात पुन्हा पाणी तरी कोणत्या तोंडानं मागितलं असतं?

मी मलाच समजावलं. वैशाखात पाखरं पडतातच. ऊन काय कमी आहे? उद्या मी अजून दोन पाणी काढीन. दळायच्या आधी सांगीन. नक्की सांगीन.

परसात एरंडाची झाडं होती. खुरप्यानं मी त्यांच्या बुडाशी खड्डा केला. माती ओढताना सवयीनं ओठांवर शब्द आले. सकाळी मागितले तेव्हा आले नव्हते.

चिमणे गं बाई, तुला ओंजळभर माती
माझ्या माहेराची लाज तू गं झाक तुझ्या पोटी

मी ओठ चावले. दगडावरचे उरलेले दाणे वेचून त्याच खड्ड्यात टाकले, दगड हातानं पुसला, पिसं गोळा करून चुलीत घातली. हात तीनदा धुतले.

दिवस मावळताना अक्का आली. पिशवी ओसरीवर ठेवायच्या आधी ती सरळ दगडाकडं गेली. उभी राहिली. वाकून बघितलं. मग कुंपणाच्या कडेनं, वाळवणाच्या भोवती, एक फेरी मारली.

“खाल्लं वाटतं सगळं,” ती म्हणाली.

“हो.”

“पुष्कळ आल्या होत्या?”

“सात-आठ.”

“मग?”

“मग काय. उडून गेल्या.”

अक्कानं मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की तिचे खांदे खाली आल्याचं मला दिसलं. मला वाटलं, बाजारातून चालून दमली. ती ओसरीवर टेकली आणि म्हणाली, “परवा सण. पोळ्या करू गं कौसे. पुरणाच्या. पोट भरून.” मला कौसे ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली. माहेरचे म्हणतात तसं.

त्या रात्री मला झोप आली नाही एवढंच सांगते.

सकाळी मी उठले तेव्हा अक्का आवरून बसली होती. “हापशाला रांग लागंल, तू पाण्याला जा,” ती म्हणाली. “दळण मी आणते.” दळणाचा डबा नेहमी मी न्यायची. मी म्हणाले, राहू द्या अक्का, गहू अजून ओलसर असंल, अजून एकदा धुवू का, दोन दिवस वाळू दे. ती म्हणाली, “मूठभरच घेते. पीठ कसं पडतंय ते बघायला.” आणि हसली. तिचं हसणं बारीक होतं.

मी सांगायला हवं होतं. मी घागर उचलली.

रांग लांब होती. दोन घागरी घेऊन परत यायला तास-दीड तास गेला. भाऊजी आणि हे कामावर गेले होते, निर्मी शेजारी खेळत होती. स्वयंपाकघरात तव्याचा वास होता. अक्का चुलीपुढं बसून जेवत होती. एकटी. मी दारात थबकले. लग्न होऊन वर्ष होत आलं होतं, या बाईला मी सगळ्यांच्या आधी जेवताना कधी पाहिलं नव्हतं. ती शेवटी जेवायची, आणि उरलं तर जेवायची. आज सूर्य डोक्यावर यायच्या आत ती ताटाशी बसली होती. माझ्या मनात आलं, बघा, सगळ्यांना काटकसर शिकवते आणि आपण चोरून.

हे माझ्या मनात आलं. ते मी लपवत नाही.

तिनं मला पाहून ताट झटकन मागं सारलं. “भूक लागली गं. दुपारी आपण भाकरीच करू. गव्हाचं उद्या.”

दुपारी भाकऱ्या थापता थापता तिनं दोनदा पीठ सांडलं. मग उठून परसात गेली. ओकारीचा आवाज मी ऐकला. आली तेव्हा कपाळावर घामाचे थेंब होते, दाट, दह्याच्या पाण्यासारखे. “ऊन बाधलं,” म्हणाली आणि भिंतीशी आडवी झाली. थोड्या वेळानं पुन्हा. मग तिला उठता येईना. मी कांदा फोडून नाकाशी धरला, तळपाय चोळले. तिचे डोळे उघडे होते पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती आणि हात थरथरत होते. त्या हातांना पुढं कधी सुई ओवता आली नाही.

तेवढ्यात निर्मी भुकेनं कुरकुरत आली. भाकरी नको म्हणाली. “आईनं पोळी केली. मी पाहिली. मला नाही दिली. हातावर मारलं.”

“कुठली पोळी?”

तिनं फडताळाकडं बोट केलं. वरच्या फळीवर, वाटीखाली, अर्धी पोळी होती. जुन्या पिठाची पोळी काळपट व्हायची, भेसळीच्या गव्हाची. ही पांढरीशुभ्र होती, मऊ, पदर सुटलेली. वर्षभरात त्या घरात अशी पोळी झाली नव्हती. मी ती हातात धरून उभी राहिले. निर्मीनं हात पुढं केला. तिची बोटं पोळीला लागली.

“माशी पडली यात,” मी म्हणाले आणि पोळी चुलीत टाकली. निर्मी रडली. पोळी जळताना फुगली, पुन्हा एकदा भाजत असल्यासारखी.

मी रस्त्यावर धावले. शेजारच्या रिक्षावाल्यानं कारखान्यात निरोप दिला, भाऊजी आणि हे आले, आणि उन्हं उतरायच्या सुमारास आम्ही अक्काला सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बॅटरी मारून डोळे पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला.

“काय खाल्लं यांनी?”

“घरचंच,” भाऊजी म्हणाले. “भाकरी.”

“फवारणीचं औषध वगैरे? घरात भांडण झालं होतं का?”

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. मी अक्काचा पदर सारखा करू लागले. खाटेवरून अक्काच बोलली, शब्द तोंडात लोळत होते. “भांडण नाही डॉक्टरसाहेब. भाकरी खाल्ली. ऊन बाधलं.”

“बाई, खरं सांगा. काय खाल्लं ते कळलं तर औषध करता येतं. नाहीतर मी अंधारात हात घालतोय.”

“भाकरी,” अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी सुई दिली, बाटली लावली, चिठ्ठी लिहिली. भाऊजी आणि हे औषधं आणायला बाहेर गेले. डॉक्टर शेजारच्या खाटेकडं वळले. मी अक्काच्या उशाशी बसले. तिनं डोळ्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

“कौसे. भाकरी नव्हती. पोळी खाल्ली मी. नव्या गव्हाची. दीड.”

मी तिची उशी सारखी केली.

“ते पाणी पाहिलं तेव्हाच मला शंका आली होती. माती अशी नसती. माझं पण माहेर शेतकऱ्याचं आहे.” ती थांबली, दम घेतला. “पण तुला विचारलं तर तू माती म्हणालीस. तुझ्या माहेरची पहिली वस्तू. मी तोंडानं बोलले असते तर या घरात तुला कुणी मान वर करू दिली नसती. रुखवतात सगळे तसे हसले. मला सगळं आठवतंय. म्हणून म्हटलं, गप बसावं. आधी पाखरं बघतील. मग मी बघीन. मग घर.”

तिच्या ओठाच्या कडेनं लाळ ओघळली. मी पदरानं पुसली. माझा पदर, चिमणीच्या चोचीशी धरलेला तोच.

“पाखरं जगली, म्हणून धीर झाला गं. नाहीतर दीड कशाला, घासभर सुद्धा नसतं खाल्लं. निर्मीला आई पाहिजे ना.”

“अक्का, बोलू नका.”

“ऐक. चूक माझीच आहे. पाखरांना बाधलं नाही ते मला बाधलं, म्हणजे माझ्याच पोटात काहीतरी असंल. उपाशीपोटी खाल्लं, ऊन होतं. गव्हाला दोष नको. कैलासभाऊला तर मुळीच नको. यांना काही सांगू नको. उद्या आखाजी आहे.” तिनं माझं मनगट धरलं. पकड कसली, नुसती थरथर. “मी आले नाही तरी तू दळण आण. पुरण घाल. यांना, भानुदासला, निर्मीला पोटभर वाढ. पोरगी सकाळपासून पोळी मागतीय. मी मारलं तिला. आणि कोठी भर. दुसरं पोतं पण धू. नीट चार पाण्यात.”

शेजारच्या खाटेशी डॉक्टर नर्सला काहीतरी सांगत होते. मी त्यांच्या पाठीकडं पाहत होते. अक्कानं मनगट हलवलं. तिच्या त्या टाचणीएवढ्या बाहुल्या माझ्या तोंडावर होत्या, आणि त्यांत शंका नव्हती, नुसतं विचारणं होतं, घरून निघताना कुलूप लावलं का असं बाई विचारते तेवढंच.

“उडून गेली होती ना गं पाखरं? तू पाहिलंस ना?”

मी उठून उभी राहिले. डॉक्टरांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

“नाही अक्का. सातच्या सात तिथंच मेल्या होत्या. गहू विषारी आहे, बियाण्याचा आहे, आणि हे मला ठाऊक होतं. त्या चिमण्या मी पुरल्या.”